एका मोज्यातून आलेली वेल

नागपुरात कोणाच्याही कुंपणाआत डोकवा, ठरलेली मंडळी दिसतात. तुळस, जास्वंद, कढीपत्ता, लिंबं सोडून बाकी सगळं देणारं एक लिंबाचं झाड, आणि भिंतीला टेकून उभी असलेली गेल्या वर्षीची कूलरची खस. आमच्याकडेही एवढंच होतं आणि आमचं बरं चाललं होतं.

2021च्या एप्रिलात सगळं गाव घरात कोंडलेलं असताना आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक बातमी आली. बिहारमधल्या कुठल्याशा शेतकऱ्याने म्हणे जगातली सगळ्यात महाग भाजी पिकवली होती. हॉप्स नावाच्या वेलीचे कोवळे कोंब. भाव, किलोला एक लाख रुपये. खाली हिरव्यागार वेलींचा फोटो, त्याखाली साडूंचे जोडलेले हात, आणि त्याखाली वहिनींचा प्रश्न, "आपल्या शेतात होईल का?" आमचं शेत आजोबांनीच विकून टाकलं आहे. प्रश्न तेवढे वारसाहक्कानं आमच्याकडे आले.

मी कागद-पेन घेऊन बसलो. मागच्या अंगणात बारा बाय दहाची जागा आहे. किलोला एक लाख म्हणजे ग्रॅमला शंभर रुपये. बायकोनं विचारलं, "काय लिहून राहिले?" म्हटलं, "काही नाही, हिशेब." नोकरीत मी तीस वर्षं हिशेबच केले असल्यामुळे तिला संशय आला नाही.

पाच-सहा दिवसांनी दुसरी बातमी आली. पत्रकार त्या शेतावर जाऊन आले होते आणि तिथं तसलं पीकच नव्हतं. ही बातमी ग्रुपवर कोणी टाकली नाही. खरी बातमी पुढं पाठवायची आमच्यात पद्धत नाही. तोवर मी 349 रुपये भरून पन्नास बियांचं पाकीट मागवून बसलो होतो.

बियांचं थोडक्यात उरकतो. पन्नासांतून आठ उगवल्या. पाच गाजरगवत निघालं. दोन रोपं कशाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. उरलेलं एक लालसर देठाचं, डौलदार रोप मी जूनपासून ऑगस्टपर्यंत 'हॉप्स' म्हणून वाढवलं, त्याला सुतळी बांधली, त्याच्याशी बोललो. एक दिवस शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अंबाडी मस्त झाली हो तुमची." त्या संध्याकाळी आम्ही अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर खाल्ली. भाजी उत्तम होती. 349 रुपयांची होती.

इथं थांबलो असतो तर हा लेख झाला नसता आणि घरात शांतता राहिली असती. पण मी वाचायला लागलो. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी आणि ती टिकवणारी वेल. बव्हेरियात 1516 साली तिथल्या राज्यकर्त्यांनी फर्मानच काढलं होतं, की बिअरमध्ये सातू, पाणी आणि हॉप्स याखेरीज काही घालायचं नाही. कोंबांची भाजी बेल्जियममध्ये खरोखर खातात आणि ती खरोखर महाग असते, फक्त फॉरवर्डइतकी नाही. या वेलीत नर वेगळा, मादी वेगळी. कामाची असते ती मादी, कारण शंकूसारखी हिरवी बोंडं तिलाच येतात आणि त्या बोंडांच्या पाकळ्यांच्या तळाशी जी पिवळी पूड असते तिच्यासाठी हा सारा खटाटोप. बी लावलं तर नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. म्हणून जाणकार बी लावतच नाहीत. हळदीसारखं बेणं लावतात. आणि भारतात ही शेती खरंच होते, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात. हे शेवटचं वाक्य मी मोठ्यानं वाचलं, हीच चूक झाली. कारण त्या वेळी भाचा घरी आला होता.

भाच्याकडे हप्त्यांवर घेतलेली मोटरसायकल आहे, आणि अशी मोटरसायकल असलेल्या माणसाला लेहला जावंच लागतं. 2020च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलात उतरायला रोहतांग चढावा लागत नाही. त्यामुळं मामाच्या हौसेसाठी लाहौलातल्या केलाँगला एक मुक्काम वाढवणं त्याला जड नव्हतं. 2022च्या सप्टेंबरात त्याचा फोन आला, "मामा, मिळालं. इथले एक आजोबा फुकट देऊन राहिले, म्हणतात किती पाहिजे तितकं खण." पाठीमागे कोणीतरी खळखळून हसत होतं. तेव्हा मला वाटलं, पहाडी माणसं स्वभावानंच हसरी.

तो नागपूरला पोचला तो थेट आमच्याकडे. पिशवीतून त्यानं लोकरीचा एक करडा मोजा काढला. ओला, गाठ मारलेला. आईनं पदर नाकाला लावला. "पोट्ट्या, मोजा धुवाले आणला का मामाकडे?"

मोज्यात बोटाएवढाल्या मुळकांडाचे तीन तुकडे होते. दिसायला आल्याच्या गरीब नातेवाइकासारखे. दोन हजार किलोमीटर ओलं राहावं म्हणून भाच्यानं रोज रात्री मोज्यावर पाणी शिंपडलं होतं. या एकाच गोष्टीत त्या पोरानं आयुष्यात सातत्य दाखवलं. दुसरा मोजा कुठं आहे हे आम्ही विचारलं नाही.

आता या वेलीला हिवाळ्यात झोप लागते. थंडीत वरचा सगळा भाग वाळून जातो, मुळकांड जमिनीत गारठून पडतं आणि ती गारठ हवीच असते, नाहीतर पुढच्या वसंतात ते नीट फुटत नाही. लाहौलात ही सोय बर्फ करतो. नागपूरची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत स्वेटर काढून उन्हात टाकण्याइतपत. म्हणून मी तिन्ही तुकडे ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले, नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत. शेजारीच खरं आलं असायचं, म्हणून पिशवीवर कागद चिकटवला: "हे आलं नाही. हात लावू नये." दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलीनं आईच्या अक्षरात लिहिलं होतं, "मग काय आहे?" मी लिहिलं, "हॉप्स." तिसऱ्या दिवशी, "म्हणजे?" मी लिहिलं, "बिअरमध्ये घालतात." त्यानंतर आठ दिवस फ्रीजमधून माझ्याशी पत्रव्यवहार बंद होता. घरातला तर होताच.

जानेवारीत लावणीची वेळ आली तेव्हा जागेवरून मंत्रिमंडळ विस्तारासारखा घोळ झाला. सहा-आठ तास ऊन असलेली जागा एकच होती आणि तिथं तुळशीवृंदावन होतं. आई म्हणाली, दारूची वेल तुळशीच्या बाजूला लावशील तर मी धाकट्याकडे जाऊन राहते. त्यात बायकोचं माहेर वर्ध्याचं. त्या जिल्ह्यात 1974पासून दारूबंदी आहे आणि सासरे सूत कातणारे आहेत. त्यांना काय सांगायचं, हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, यात दारू नसते, नुसता कडवटपणा असतो. "तो घरात कमी आहे काय?" असं ती म्हणाली नाही. पण पातेलं ठेवलं त्या आवाजात ते होतं.

शेवटी संडासाच्या टाकीमागची जागा मिळाली. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात इतकी भेगाळते की चप्पल अडकावी. त्यामुळं दीड फूट खणून मुरूम, शेणखत आणि वाळू मिसळून ढिगारा केला. त्यात तुकडे आडवे, तीन बोटं खोल. बायको खिडकीतून पाहत होती. तिला ते दफन वाटलं, म्हणून पाहत होती म्हणे.

फेब्रुवारीच्या शेवटी कोंब आले. तीनपैकी एकाच तुकड्याला, पण अकरा आले. जांभळट टोकांचे, पेन्सिलीपेक्षा बारीक, मान खाली घातलेले. मी सकाळी सहाला त्यांच्यासमोर उकिडवा बसलो, आणि साडेसातला बायकोनं पोहे झाले म्हणून हाक मारली तेव्हाही तिथंच होतो. शास्त्र असं, की तीन-चार जोमदार कोंब ठेवायचे आणि बाकीचे खुडायचे. आणि खुडलेले तेच ते, किलोला लाख रुपयेवाले.

सात कोंब खुडले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नऊ ग्रॅम भरले. फॉरवर्डच्या भावानं नऊशे रुपये. ते मी बशीत ठेवून बायकोला दिले आणि सांगितलं, लोण्यात हलके परतून मीठ-मिरपूड घाल, तिकडं तसंच करतात. मग अंघोळीला गेलो. अंघोळ मी दहा मिनिटांत करतो. बाहेर आलो तर बशी धुऊन पालथी घातलेली.

"कोंब?"

"डाळभाजीत टाकले."

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला असते तशी डाळभाजी होती: पालक, तुरीची डाळ, शेंगदाणे, वरून लसणाची लालबुंद फोडणी. चार माणसांचं पातेलं. मी पळीनं ढवळून ढवळून पाहिलं. कोंब कुठंच नव्हते. जेवताना मी प्रत्येक घास थांबून चावत होतो. आई म्हणाली, "खडा आहे का?" जगातली सगळ्यात महाग भाजी मी खाल्ली आहे, हे मी शपथेवर सांगू शकतो. चव पालकासारखी लागते.

उरलेले चार कोंब मात्र सुटले. ही वेल द्राक्षासारखी तणावे टाकत नाही. अख्खा दांडाच आधाराभोवती वळत वर जातो आणि अंगावरच्या खरखरीत, आकडेदार लवेनं पकड घेतो. थंड देशात ऐन भरात एका दिवसात फूटभर वाढते म्हणतात. आमच्याकडे चार बोटं वाढायची, तेही मला पुष्कळ होतं. गच्चीच्या कठड्यापासून खाली मी काथ्याची दोरी ताणून बांधली आणि वेलीची टोकं तिच्याभोवती गुंडाळली. सकाळी पाहतो तर सगळी सुटून जमिनीवर लोळलेली. परत गुंडाळली, परत सुटली. हे चार दिवस चाललं. हातांवर त्या लवेचे लाल ओरखडे उठले. ऑफिसात विचारणा झाली, मांजर पाळलं का म्हणून.

पाचव्या दिवशी आई तुळशीला पाणी घालायला आली. जरा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "उलटी गुंडाळतो तू. तिला प्रदक्षिणा घालू दे की."

वाल, चवळी वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट वळतात, आणि माझा हात जन्मभर तेच पाहत आलेला. हॉप्स वळते ती उजवीकडून, घड्याळासारखी, देवळातल्या माणसासारखी. आईनं दोन बोटांनी टोक धरून उजवीकडून एक वळसा दिला. ते सुटलं नाही. त्या दिवसापासून आईचं तिच्याशी असलेलं वैर थोडं निवळलं. दारूची असो, वळण चांगलं आहे, असं तिचं मत झालं असावं.

मग मे उजाडला. या शहरानं 2013च्या मे महिन्यात 47.9 अंश पाहिलेले आहेत, आणि ही वेल थंड हवेची. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला तशी पानं कडेनं करपायला लागली, पानाच्या मागं बारीक जाळी दिसली. लाल कोळी. कोरड्या उकाड्यात ही कीड पोसते. निंबोळी अर्क मारला, हिरवी जाळी बांधली, बुडाशी उसाच्या चिपाडांचं आच्छादन केलं. तरी वेल मान टाकूनच. शेवटी गच्चीवर पडलेला जुना लोखंडी कूलर उतरवला, नवी खस घातली, पंप दुरुस्त केला आणि टाकीमागं वेलीकडे तोंड करून लावला.

एक वाजता, बाहेर कुत्रंही नाही अशा वेळी, अंगणात एक कूलर घरघरतोय आणि त्यासमोर एक वेल डोलतेय. आमच्या हॉलमधल्या कूलरचा पंप त्याच आठवड्यात बिघडला होता. बायको दारात येऊन उभी राहिली.

"माणसं भाजून राह्यली अन् वेलीले कूलर?"

मी म्हटलं, तिचा पंप चालू आहे, यात माझा काय दोष. त्यावर आईनं प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, अंगणात नेली आणि वेलीच्या शेजारी, जाळीखाली, कूलरसमोर बसून जप सुरू केला. पुढचे नऊ दिवस माझी आई आणि माझी वेल दुपारी एकत्र होत्या. दोघी तगल्या.

जूनमध्ये नवीन अडचण. थंडी फ्रीजनं भागवली, ऊन कूलरनं भागवलं, पण दिवस लहान पडला. बव्हेरियात उन्हाळ्यातला दिवस सोळा तासांचा असतो. नागपूरचा सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांचाही नसतो. दिवस लहान असला की या वेलीला वाटतं हंगाम संपत आला, आणि ती वाढायची सोडून घाईघाईनं फुलोरा धरते. तिला फसवायचं तर रात्री दिवा लावावा लागतो. मी शंभर रुपयांचा एलईडी बल्ब लावून रात्री दहापर्यंत ठेवू लागलो. नागपुरातले पावसाळी किडे अंगणात जमले, आणि त्यांच्या मागोमाग शेजारचे निवृत्त हवालदार काका.

"रातच्याला दिवा लावून काय पिकवून राहिले जी?"

माझ्यात एक खोड आहे. विचारलं नाही तेवढंही मी सांगतो. मी म्हटलं, "हॉप्स, काका. भांगेच्या कुळातली आहे."

काकांनी चष्मा बदलला.

"नाही, म्हणजे नशा नाही यात," मी घाईनं म्हणालो. "नुसती चुलतबहीण आहे."

"चुलतबहीण," काका पान उलटून पाहत शांतपणे म्हणाले. "आम्ही नोकरीत असताना मुख्य आरोपी नाही सापडला, तर चौकशीले पहिले नातेवाईकच आणत होतो."

पान द्राक्षासारखं, तीन-पाच खंडांचं, हे दाखवून त्यांचं समाधान झालं. पण पुढं महिनाभर सकाळच्या फिरण्यात त्यांचा एक फेरा आमच्या टाकीमागून जायचा. एक मान्य करतो, त्या महिन्यात आमच्या गल्लीत एकही सायकल चोरीला गेली नाही.

बल्बनं वेल फसली नाही. जुलैत, छातीइतक्या उंचीवर असतानाच, तिनं फुलोरा धरला. मादी निघाली, एवढं समाधान. एकूण बोंडं चार. हो, चार. लाहौलात एकेका वेलीला टोपलीभर येतात. पण ही चार माझी होती. कागदासारखी कोरडी होईपर्यंत थांबलो. मग एक बोटांत चुरगाळलं. आत पिवळी धमक पूड, बोटाला चिकटणारी, आणि वास लिंबाच्या सालीचा, ओल्या गवताचा, आणि मागून किंचित लसणीचा. मी हात पुढं केला. आईनं हुंगलं, बायकोनं हुंगलं. कोणी काही बोललं नाही. मग बायकोनं पुन्हा एकदा हुंगलं. त्या सव्वादोन वर्षांतली ती माझी सर्वांत मोठी दाद.

उरलेली तीन मी इतवारीतल्या एका सराफाकडे वजनाला नेली, कारण घरच्या काट्याला त्यांची दखलच घेता येत नव्हती. अर्धा ग्रॅम. सराफानं आदरानं विचारलं, "केशर?"

पिकाची गोष्ट इथंच संपली. वेलीची नाही. ऑगस्टच्या पावसात खाली लोळलेल्या एका फांदीला मातीत मुळं फुटली. आपोआप दाब कलम. मला जोर आला. चार फांद्या वाकवून मातीत दाबल्या, चारही लागल्या. दोन पेरांचे तुकडे काढून वाळूत खोचले, तीन आठवड्यांत त्यांनाही मुळं. फळाच्या नावानं शंख करणारी ही वेल वंशविस्ताराला मात्र एका पायावर तयार. पोळ्यापर्यंत माझ्याकडे सतरा रोपं होती, दुधाच्या पिशव्यांत, डालड्याच्या डब्यांत, एक तर बायकोच्या जुन्या टिफिनमध्ये.

ती द्यायची कोणाला? शेजारच्या काकूंनी विचारलं, भाजी कशाची होते? म्हटलं, होत नाही. फूल देवाला चालतं? म्हटलं, विचारू नका. काकूंनी डबा परत केला आणि वर सीताफळं दिली. हवालदार काकांनी एक घेतलं, "पुराव्यादाखल." साडूंनी ग्रुपवर जोडलेले हात पाठवले आणि घरी यायचं टाळलं. मारबतीच्या दिवशी, म्हणजे गावची पीडा पुतळ्याबरोबर बाहेर काढतात त्या दिवशी, महाल भागात मिरवणुकीला गेलो तेव्हा बायकोनं दोन रोपं पिशवीत घेतली होती. लोक ओरडत होते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" ती पिशवीकडे आणि पुतळ्याकडे आळीपाळीनं पाहत होती. मी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली.

एक रोप मात्र सासऱ्यांनी मागितलं. त्यांना झोप येत नाही, आणि हॉप्सची बोंडं उशीत घातली की झोप लागते अशी युरोपातली जुनी समजूत आहे, हे मी केव्हातरी बोलून गेलो होतो. वर्ध्याच्या बसमध्ये मांडीवर डालड्याचा डबा धरून मी बसलो होतो. सेलडोह गेलं, दारूबंदीचा जिल्हा लागला, तसा घसा कोरडा पडला. कंडक्टरनं विचारलं, कशाचं झाड? आयुष्यात पहिल्यांदा मी विचारल्यापेक्षा कमी सांगितलं. "कारलं," मी म्हणालो.

सासऱ्यांनी ते चरख्याच्या खोलीच्या खिडकीखाली लावलं आहे. बोंडं अजून आलेली नाहीत. पण रोज संध्याकाळी त्याला पाणी घालून, दोरीवर नीट वळवून ते दमतात आणि नऊला घोरायला लागतात, असं सासूबाईंचं म्हणणं आहे.

परवा भाच्याचा फोन आला. पुन्हा लेहला निघाला होता. "मामा, या खेपेला दुसरी जात मिळते म्हणे. आणू का?"

मी तोंड उघडलं होतं. बायकोनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"काही आणू नको," ती म्हणाली. "आणि येताना दोन्ही मोजे पायात घालून ये."